चौथ्या मजल्यावरची उपासना

सकाळपासून सुंदराबाईनं पायातल्या चपला काढल्या नव्हत्या. सून सुनीती सांगून थकली, की आई, पाळकसाहेब येतील, प्रार्थना होईल, चपला तेवढ्या काढा. म्हातारीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी सुनीतीनं नाद सोडला. ऐंशीव्या वाढदिवशी सासूशी कोण हुज्जत घालणार?

संध्याकाळी वाशीच्या त्या दोन खोल्यांत मुंगी शिरायला जागा उरली नाही. चार मजले चढून आलेली माणसं धापा टाकत "सलाम, आजी" म्हणत आणि सतरंजीवर मिळेल तिथे टेकत. सुंदराबाईला मधोमध वेताच्या खुर्चीत बसवलेलं. अंगावर नवी शाल, गळ्यात हार. हार मानेला टोचत होता, पण काढायची सोय नव्हती.

खिडकी आज पाठीमागे गेली होती. एरवी तिचा दिवस त्या खिडकीतच जायचा. खाली रस्त्यापलीकडे नवं चर्च दिसायचं. चर्चला ती जन्मभर देऊळच म्हणत आली. शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरायची तेव्हापासून ती या देवळाची वाट बघत होती. भिंती उठल्या तेव्हा रोज उन्हं कलली की बादली घेऊन जायची आणि भिंतींवर पाणी मारायची. गवंडी हसायचे. हसेनात का, भिंत तहानलेली राहिली तर तडे जातात, एवढं तिला कळत होतं. आणि नेमका स्लॅब पडायच्या सुमाराला जिन्यात तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, घरातल्या घरात ती काठी टेकत फिरू लागली, पण जिना उतरायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. देवळाचं उद्घाटन झालं, घंटा बसली, दोन-चार लग्नंसुद्धा लागली. तिनं मात्र ते आतून अजून पाहिलं नव्हतं.

मुलगा जयप्रकाश वाईट नव्हता हो. तीच तर पंचाईत होती. दर रविवारी तो उपासना टेपरेकॉर्डरवर भरून आणायचा आणि जेवणाआधी आईला लावून द्यायचा. गीताच्या मधे कोण खोकलं ते ती बसल्या जागी ओळखायची. प्रभुभोजनाची भाकर पाळकसाहेब घरी आणून द्यायचे. मग खाली जायचं कशाला, असं सगळ्यांना वाटे. तिनं विषय काढला की जयप्रकाश तिचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, पुन्हा पडलीस तर? त्याचे डोळे भरून यायचे. दाराला कडी घातली असती तर तिनं काढली असती, पोराच्या डोळ्यातल्या पाण्याला काय करणार? 

गीत झालं, प्रार्थना झाली, साक्षी सुरू झाल्या. एकेक जण उठून तिचं आयुष्य सांगू लागला. ऐन तारुण्यात नवरा गेला तरी कोणापुढे हात पसरला नाही. नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबली. पटकीच्या साथीत ज्यांना घरचे शिवेनात, त्यांना हिनं न्हाऊमाखू घातलं. सगळं खरं होतं. पण सांगत असे होते, की जणू शवपेटी समोर ठेवलीय आणि माती द्यायचीच तेवढी बाकी आहे. भिंतींवर मारलेलं पाणी कोणालाच आठवलं नाही.

चर्चच्या मंडळीचे कारभारी मधुकरराव उठले आणि म्हणाले, की या माउलीनं आयुष्यात एक रविवार चुकवला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुंदराबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. भला माणूस दर रविवारी देवळाच्या दारात उभा राहून आलं-गेलं बघतो, आणि खुशाल असं बोलतो!

शेवटी जयप्रकाश उभा राहिला. गावाकडच्या ओढ्याची गोष्ट त्यानं सांगितली. पावसाळ्यात ओढा फुगायचा, देऊळ पलीकडच्या गावात. आई त्याला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायची. लोक ओरडायचे, वाहून जाशील गं बाई. "आई कधी थांबली नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

पाळकसाहेबांनी तिला विचारलं, आजी, प्रभूनं एवढं आयुष्य दिलं, दोन शब्द बोलता का? आता आजी स्तोत्र म्हणणार म्हणून सगळे सावरून बसले. तिनं घसा साफ केला.

"मी मेल्यावर पेटी कुठून न्याल?"

आजच्या दिवशी असं काय बोलता आई, असं सुनीती पुटपुटली.

"याच जिन्यानं न्याल ना? चौघं लागतील. देवळात नेऊन ठेवाल, गीत म्हणाल." तिनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पेटीपेक्षा ही खुर्ची हलकी हाय. आजच न्या. आज मला दिसंल तरी."

जयप्रकाशनं तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मधुकररावांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी दाराकडे.

कोणी हललं नाही. सुंदराबाईनं गळ्यातला हार काढून सुनीतीच्या हातात दिला. खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि उचलणाऱ्यांना सोपं जावं म्हणून दोन्ही पाय, चपलांसकट, जमिनीवरून उचलून धरले.