ग्लेनिसचा पगार

हरवलेल्या लाउरी नावाच्या मुलीच्या शोधासाठी उघडलेल्या कचेरीत आता ग्लेनिस एकटीच उरली होती. फोन घ्यायची, पोस्टरं पाठवायची. लोकांच्या वर्गणीतून तिचा पगार निघायचा. वर्गणी आटली, तेव्हा लाउरीची आई मेनीर, चॅपलची साफसफाई करून मिळवलेले पौंड पाकिटात घालून चिप्सच्या दुकानावरच्या या कचेरीचा जिना चढली.

"हा तुझा पगार. पण खातं रिकामं झालंय हे एमरिसला कळू देऊ नकोस. माझी आशा केव्हाच संपली गं. त्याचा जीव मात्र या फोनात अडकलाय. कचेरी बंद झाली तर माझा नवरा खचेल."

ग्लेनिसने पाकिटाला हात लावला नाही. ती चहा ढवळत राहिली.

"घे ना. फुकट किती राबशील?"

"फुकट नाही, मेनीर. पगार मिळाला मला. सकाळी एमरिस बाजारात मेंढ्या विकून थेट इकडेच आला होता."

"काय म्हणाला?"

"तू आत्ता म्हणालीस तेच. फक्त त्याच्या नावाच्या जागी तुझं नाव होतं."

इतकी वर्षं मेनीर एकाच भरवशावर झोपत होती, की आपण थकलो तरी घरात एक जण अजून लेकीची वाट बघतोय.