किटली आणि सुई

"आधी सुई ओव. मी काही तुझी मोलकरीण नाही," बेर्टा खेकसली आणि गडद निळ्या दोऱ्याचं रीळ तिनं मार्टेनपुढे आपटलं.

उट्रेख्ट शहरातल्या एका गल्लीतल्या सभागृहात शनिवारी दुरुस्तीची टेबलं मांडली की तिचा हाच खाक्या. ज्याचं फाटलं त्यानं शेजारी बसायचं, हात लावायचा, शिकायचं. दुरुस्ती फुकट, कॉफी फुकट, बेर्टाची बोलणीही फुकट. सुई मात्र ज्याची त्यानं ओवायची. हा शेवटचा नियम बेर्टानं स्वतःच काढलेला. तिच्या डोळ्यांपुढे धुकं आलं, तेव्हापासूनचा.

बसड्रायव्हर मार्टेननं उजवा हात वर केला. बोटांना जाडजूड पट्टी. "बसच्या दारात सापडली, मावशी. बायको म्हणते, कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाक स्वेटर. पण एका भोकासाठी अख्खा स्वेटर टाकायचा?"

"भोक पडलं की टाकायचं, असं ठरलं तर ती आधी तुलाच टाकेल," बेर्टा म्हणाली. पण आज सुई तिलाच ओवावी लागणार होती.

तिनं सुई उजेडाकडे धरली. नेढं दिसेना. दोरा बाजूनं गेला. पुन्हा बाजूनंच गेला. समोर कोबा किटली घेऊन कॉफी ओतत होती, प्रत्येकाला एकच बिस्कीट देऊन डबा बंद करत होती. पूर्वी ही कोबा बेर्टाच्या शेजारी बसून मोजे रफू करायची. मग तिला जवळचं दिसेना, आणि सगळ्यांनी फार प्रेमानं तिच्या हातातली सुई काढून किटली दिली. तेव्हा बेर्टा गप्प बसली होती.

दोरा परत हुकला.

शेजारच्या टेबलावर योप कुणाचा तरी दिवा खोलून बसला होता. मान वर न करता त्यानं सुया टोचायची छोटी उशी बेर्टाकडे सरकवली. लाल, करड्या, पांढऱ्या, निळ्या दोऱ्यांच्या. साऱ्या सुया ओवलेल्या.

बेर्टाचे कान तापले. "हे कुणाचे उद्योग?"

"सगळ्यांचे. दर शनिवारी, तू यायच्या आधी. म्हटलं, मागशील तेव्हा देऊ."

"मी? मागणार?"

"म्हणून तर आज न मागता दिली."

बेर्टानं निळी सुई उपसली, दोऱ्याचं टोक चाचपलं. "रफूला गाठ मारतात का रे, गाढवांनो?" तिनं कात्रीनं गाठ उडवली. भोकाच्या कडा बोटांनी हुडकल्या. आधी उभे धागे, मग आडवे, एक वरून, एक खालून. मार्टेन डाव्या हातानं कापड ताणून धरून बघत राहिला. बेर्टाचं तोंड खिडकीकडे होतं आणि भोक बुजत होतं.

शेवटचा टाका घालून तिनं हाक मारली, "कोबा! किटली ठेव खाली. इथं येऊन बस. ही पांढरी घे."

"अगं, मग कॉफी कोण ओतणार?" योप म्हणाला.

"ज्याला डोळे आहेत त्यानं," बेर्टा म्हणाली आणि शेजारची खुर्ची तिनं पायानं ओढली.