सुटलेल्या मीटरचा काटा

गुरप्पा मालकांचा धाकटा भाऊ वीरभद्रप्पा दुसऱ्या गेरात गाडी बोंबलेपर्यंत ताणायचा. इंजिनचे फेरे दिसले तर तो सुधारेल, म्हणून मालकांना जुन्या जीपला आरपीएमचा मीटर हवा होता. माणूस बिघडलेला आणि मीटर गाडीला! सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी अक्कलकोट रोडवरच्या माझ्या गॅरेजात मी मुकाट्यानं कॉइलला वायर जोडली.

इंजिन बंद होतं, तरी काटा चढला.

शिव्या घालत मी किल्ली काढली. मग बॅटरी सोडली. शेवटी वैतागून मीटरच उपसून हातात घेतला. वायरी लोंबत होत्या आणि काटा चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता.

"बाद हाय हा, मालक. परत करा."

मालक काट्याकडं टक लावून बघत होते.

"बाद न्हाय. आमचा वीरभद्रप्पा असाच ताणतो की."

"मग त्यालाच बोलवा हितं!"

"सकाळीच ट्रक घेऊन मोडनिंबला गेलाय."

काटा लाल पट्ट्यात घुसला, थरथरला आणि एकदम शून्यावर पडला.

मालकांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि हळूच हलवला, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.