चहा सांडला तेव्हा

शांतवन रागाच्या भरात बायकोवर हात उचलायचा. चार वर्षांपूर्वी ते थांबलं. तेव्हापासून रोज पहाटे तो पलंगाशी गुडघे टेकतो, बायबलचं एक पान वाचतो आणि म्हणतो, "प्रभू, आजचा दिवस माझा राग आवर." उद्याचं काही मागत नाही. पण एकाही दिवसाचा खाडा नाही.

त्या रविवारी शरणपूरच्या चर्चला जायला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. सात वर्षांची रूथ हौसेने त्याच्यासाठी चहा घेऊन आली, अडखळली आणि सगळा कप त्याच्या छातीवर सांडला. चटका बसताच तो ताडकन उठला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मार्था धावत आली आणि दोघांच्या मधे हात पसरून उभी राहिली.

रूथ जागची हललीही नव्हती. "पप्पा, फार भाजलं का हो?" तिने विचारलं. मग आईकडे नवलाने पाहिलं. "मम्मी, तू मधे का आलीस?"

मार्थाचे हात हळूहळू खाली आले. शांतवन मान खाली घालून ओल्या शर्टाने तसाच उभा होता.

"सवय गं," त्याच्याकडे बघत ती म्हणाली. "माझीही जाईल."