एकमेकींचा अंदाज

संशोधिकेने दोघींचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि सुनेला पहिल्यांदाच निकालाला बसल्यासारखं वाटलं. आत्तापर्यंत हा सगळा प्रकार तिला गमतीचा वाटत होता.

ती एका चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. संशोधिका तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कितपत ओळखतात, यावर तिचं काम चाललं होतं आणि तिला जोड्या हव्या होत्या. नवरा-बायको हवे तेवढे मिळाले, सासू-सुना काही मिळेनात. "आम्ही येतो की," सून बोलून गेली. सासूबाईही लगेच तयार झाल्या. शाळेत शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. परीक्षेला त्या कधी घाबरल्या नव्हत्या.

दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच पाच प्रश्न दिले होते. आधी स्वतःचं उत्तर लिहायचं, मग दुसरीने काय लिहिलं असेल त्याचा अंदाज. आता अंदाज बरोबर की चूक, ते जिचं तिने सांगायचं होतं.

पहिले तीन प्रश्न हसण्यावारी गेले. सुनेला राग कशाचा येतो, यावर सासूबाईंनी लिहिलं होतं, 'तिने घासलेली भांडी मी पुन्हा धुते त्याचा.'

"अगदी बरोबर," सून म्हणाली. "मग कशाला धुता?"

"स्वच्छ निघत नाहीत म्हणून."

संशोधिकाही हसली. मग तिने चौथा प्रश्न वाचला. मनात आहे, पण दुसरीला सांगत नाही, अशी एक गोष्ट.

सुनेने आपल्या कागदावर सांभाळून लिहिलं होतं, 'सुटीच्या दुपारी त्यांच्या मशीनच्या आवाजाने माझा डोळा लागत नाही.' शेजारी सासूबाईंचा अंदाज होता. एकेक अक्षर सुईने टाचल्यासारखं.

'ती नळ सोडून बाथरूममध्ये फोनवर बोलते. बोलणं कळत नाही, हसू ऐकू येतं. तिला पुन्हा लग्न करायचं आहे. माझ्यामुळे अडलं आहे.'

"बरोबर आहे का?" संशोधिकेने सवयीने विचारलं आणि लगेच पेन खाली ठेवलं. "नाही सांगितलं तरी चालेल. आपण इथेच थांबू."

"थांबायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "पाचवा राहिलाय ना अजून."

सुनेचे कान तापले होते. "आई, मी तुम्हाला सांगणारच होते."

"कधी? आठ महिने झाले."

पाचवा प्रश्न होता, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? सासूबाईंसाठी सुनेने लिहिलं होतं, 'एकटं पडण्याची.' लिहिताना क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. त्या दोन शब्दांपायीच तर ती आठ महिने गप्प होती.

सासूबाईंनी चष्मा सावरून ते वाचलं. "चूक," त्या म्हणाल्या आणि आपला कागद तिच्याकडे सरकवला.

'पोरगा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघींनी घरात त्याचं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं तर तिला त्रास, तिने घेतलं तर मला. ती गेली की नाव घ्यायलासुद्धा कोणी उरणार नाही.'

सुनेने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली. संशोधिका पाणी आणते म्हणून उठली आणि जाताना तिने दार हलकेच ओढून घेतलं.

"कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"वजनकाटे दुरुस्त करतो. बायको वारली त्याची. नऊ वर्षांची मुलगी आहे."

"आणि तुला हसवतो."

"हो."

"रविवारी घेऊन ये. मुलीलाही आण." आवाज वर्गात असावा तसा कोरडा होता. पण हातांना चैन नव्हतं. टेबलावरच्या एका कोऱ्या कागदाची कड त्या दुमडत होत्या, नखाने दाबत होत्या, उलगडून पुन्हा दुमडत होत्या.

सून त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याचं नाव घेतलं. एकदाच, हळू आवाजात. स्वतःच्याच तोंडून ते तिला परकं वाटलं.

सासूबाईंचं नख कागदावर थांबलं. "काय गं त्याचं?"

"काही नाही. नुसतं घेतलं."

बाहेर कुणीतरी चपला फरफटत गेलं. मग सासूबाईंनी नाक ओढलं.

"काळोखाला भ्यायचा," त्या म्हणाल्या. "एवढा घोडा झाला तरी! लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत दिवा लावून झोपायचा. तुला बोलला होता?"

सुनेने मान हलवली. "नाही. मला उजेडात झोप येत नाही. पहिल्या दिवसापासून दिवा मीच घालवायचे. त्याने कधी नको म्हटलं नाही."

सासूबाईंनी दुमडलेला कागद खाली ठेवला.

"मग जागाच असायचा गं तो," त्या म्हणाल्या.