उभ्या गाडीतलं दूध

"थेंब नाही सांडला!" नव्या गाडीच्या पुढच्या सीटवरूनच वारिओ ओरडले. त्यांच्या मांडीवर उंटिणीच्या दुधानं काठोकाठ भरलेलं, घट्ट विणलेलं भांडं होतं. गावाभोवतीच्या वाळूतून गाडीनं तीन फेऱ्या मारल्या होत्या. दवाखान्याच्या समितीचे म्हातारे खूश झाले. रोगी न्यायला ही गाडी घ्यायची की नाही, यावर सही अध्यक्ष म्हणून वारिओंचीच व्हायची होती.

"घरच्या गादीवर बसल्यासारखं वाटलं ना, बाबा?" गाडी दाखवायला नैरोबीहून आलेला गितोंगा म्हणाला.

सुईण दर्मी दवाखान्यातून तरातरा आली. वाकून तिनं मागच्या चाकाआड हात घातला, चाचपलं.

"स्प्रिंगचे पाटे कुठायत?"

"पाट्यांचे दिवस गेले, ताई. हिला गोल स्प्रिंगा. हादरा म्हणून लागत नाही."

"हादरे आम्ही जन्मभर सोसलेत. पाटा मोडला तर आमचा गलगालो कातड्याच्या वादीनं आवळून गाडी घरी आणतो. ही मोडली तर कशानं बांधू? तुझ्या जिभेनं?"

"पुरेल की, चांगली लांब आहे," स्टिअरिंगवरून ड्रायव्हर गलगालो म्हणाला.

"दर्मी, तोंड आवर," वारिओ म्हणाले. "पाहुणा आहे तो. आणि दूध सांडलं नाही. याहून काय बघायचं?"

"वाळूत कशाला सांडेल? मार्साबिटच्या मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरच्या काळ्या दगडांवरून न्या की! अडलेली बाई मी वाळूत फिरवायला नेते का?"

"गाडीची पारख तू मला शिकवू नकोस."

दर्मी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक गंजलेली, तुटकी गोल स्प्रिंग होती. ती तिनं नव्या बॉनेटवर आदळली.

"अहो, रंग!" गितोंगा कळवळला.

दर्मी वारिओंकडे वळली.

"ही मागच्या खेपेला घेतलेल्या गाडीची, त्याच वाटेवर तुटलेली. तेव्हाही मांडीवर दूध घेऊन तुम्हीच बसला होतात, वारिओबाबा. तेव्हाही सांडलं नव्हतं." तिनं मार्साबिटच्या दिशेनं बोट केलं. "त्या दगडांत नऊ तास बसले होते मी. तुमच्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. शेवटचे तीन तास ती नव्हतीच."

गलगालोनं इंजिन बंद केलं.

वारिओंच्या हातातलं भांडं कललं. उभ्या गाडीत दूध सांडत राहिलं.