स्टार्टरवरचा हात

डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढून दाऊद मिस्त्रीने स्टार्टरकडे हात नेला. इंजिन बंद पडल्यापासून वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. तेवढ्यात बोटीचा प्रमुख असलेल्या भिकाजी तांडेलाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा मिस्त्री! पिल्लू बोटीखालच्या पंख्यात सापडेल."

"कसलं पिल्लू? खडक बघा किती जवळ आलेत!"

तांडेलाने नुसती पाण्याकडे मान वळवली. बोटीला लागून एक काळीभोर पाठ वर येत होती, आणि येतच राहिली. बोटीहूनही लांब अशी देवमाशाची मादी होती ती, आणि तिच्या कुशीला पिल्लू होतं. तिने श्वास सोडला, तसा कोमट फवारा मिस्त्रीच्या तोंडावर आला. तीस वर्षं इंजिनांच्या धडधडीत त्याचे कान बधिर झाले होते, पण तो श्वास त्याला थेट छातीत ऐकू आला. हातातला पाना विसरून तो बघत राहिला.

पिल्लाला पुढे घालून ती सावकाश निघाली.

"करा आता सुरू," तांडेल म्हणाला.

खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता स्पष्ट येत होता. मिस्त्रीने स्टार्टरवर हात ठेवला, पण दाबला नाही.

"अजून जरा लांब जाऊ दे तिला," तो कुजबुजला.